सायकलीपुरती वाट

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आमच्या कराड, वाळवा, पलूस भागातल्या बायकांच्या बोलण्यात एक विषय हमखास येतो. दिवाळी संपलेली असते, ऊसतोडीच्या टोळ्या आलेल्या असतात आणि रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर एकामागे एक दिसू लागतात. ऊस ट्रॉलीच्या बाहेर हात-दोन हात आलेला. मागे लाल दिवा असला तर नशीब! गाणी इतक्या मोठ्याने लावलेली की मागून कुणी हॉर्न दिला तरी ड्रायव्हरला पत्ता नाही. आणि त्याच रस्त्याच्या कडेने, डांबर संपतं तिथल्या खड्ड्यांतून, आठवी-नववीच्या पोरी सायकलवर शाळेला निघालेल्या असतात.

बचत गटांच्या कामासाठी मी या गावांतून बरीच वर्षं हिंडते आहे. एका बैठकीत एक आई म्हणाली, "सायकल घिऊन द्यायला पैसं हायती वैनी, पन त्या रस्त्यावर पोरगी घालायचं धाडस हुईना." तिच्या मुलीची शाळा चार किलोमीटरवर. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास फुकट मिळतो, ही फार मोठी गोष्ट आहे. पण एस.टी. वाडीपर्यंत येतच नसेल, किंवा शाळा सुटल्यावर दोन तासांनी येत असेल, तर त्या पासाचं करायचं काय? मग कुणीतरी वडीलधारं म्हणतं, "झालं की आता दहावीपर्यंत." विषय तिथेच संपतो. मुलगी नापास झालेली नसते, फक्त रस्ता वाईट असतो.

सायकलीने काय फरक पडतो, हे आता अंदाजाने सांगायची गरज नाही. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी २ हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगे-मुली यांच्यातलं अंतर ४० टक्क्यांनी कमी झालं. त्यातही जिथे शाळा लांब, तिथे फायदा जास्त. त्याच्याही आधी, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात शीला राणी चुंकत या कलेक्टरबाईंनी साक्षरतेच्या मोहिमेत सायकल शिकवणंही घातलं होतं. हजारो बायका सायकल शिकल्या. खाणीत काम करणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या, मुलाला पुढे बसवून मागे पाण्याची घागर बांधून निघालेल्या!

आता कुणी म्हणेल, बिहार सपाट आहे, आपल्याकडे हे डोंगर आणि चढ-उतार. खरं आहे. पण मैत्रिणींनो, आपल्याकडे डोंगराच्या कुशीतूनही सपाट जाणारी वाट आहे आणि ती आपण रोज बघतो. कॅनॉलकडेची! पाणी आपोआप वाहत जावं म्हणून कॅनॉल डोंगराला वळसे घालत, जवळजवळ एकाच पातळीवर नेलेला असतो. किलोमीटरमागे उतार असेल जेमतेम वीत-दीड वीत. म्हणजे त्याच्या काठावरून सायकल मारताना ना चढ, ना धाप. कराडजवळच्या खोडशी बंधाऱ्यावरून निघणारा जुना कृष्णा कालवा इंग्रजांच्या काळातला. तो सातारा जिल्ह्यातून सांगली जिल्ह्यात शिरतो आणि किर्लोस्करवाडी, पलूसच्या बाजूने पुढे वसगड्यापर्यंत जातो. वाटेत किती गावं, किती वाड्या, किती शाळा! काठाचा रस्ता पाटबंधारे खात्याने देखरेखीसाठी ठेवलेला. कुठे चांगला मुरूम, कुठे नुसती बाभळीची झुडपं.

दुसरी वाट पाणंदीची. गाव नकाशात ती असते, पण दोन्हीकडून दरवर्षी एकेक तास नांगर आत सरकतो आणि बैलगाडी जायची तिथून माणूसही अंग चोरून जातो. २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली, तेव्हापासून पाणंदी मोकळ्या करणं, त्यावर खडी-मुरूम टाकणं हा विषय ग्रामपंचायतीत पुन्हा बोलला जाऊ लागला. चांगलंच झालं.

तिसऱ्या प्रकारच्या वाटा वर पठारावर आहेत. ठोसेघरच्या पुढचं चाळकेवाडी, पाटण तालुक्यातलं वनकुसवडे, शिराळ्याकडचं गुढे-पाचगणी. पवनचक्क्या उभ्या करायला कंपन्यांनी तिथे जांभ्याच्या लाल मुरमाचे रस्ते केले. ते आजही आहेत आणि त्यांच्यावर दिवसभरात मोजक्याच गाड्या. पुण्या-मुंबईची मंडळी जाड टायरच्या, लाख-लाख रुपयांच्या सायकली घेऊन मुद्दाम अशा रस्त्यांवर येतात. डांबर नको, गाड्या नकोत, धूर नको म्हणून! मला त्यांचं कौतुकच वाटतं. येऊ देत. त्यांना भाकरी-पिठलं करून घालणारा, एक-दोन खोल्या राहायला देणारा एखादा बचत गट उभा राहिला तर चार पैसे घरात येतील. पण शहरातल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी जो रस्ता मिळतो तो आमच्या पोरीला शाळेच्या दिवशी मिळू नये, हे मला पटत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की प्रत्येक मोठ्या गावाला, जिथे माध्यमिक शाळा आहे तिथे, आजूबाजूच्या वाड्यांवरून येणारी निदान एक वाट चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी राखून ठेवावी. नवीन जमीन घ्यायची नाही, डांबर नको, काँक्रीट तर नकोच. काँक्रीट झालं की दुसऱ्या दिवशी त्यावरून डंपर जातो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

यावर शेतकऱ्याचा प्रश्न रास्त आहे. पाणंद मोकळी करायची ती ऊस बाहेर काढायला, मग ट्रॅक्टर अडवून कसं चालेल? माझ्या माहेरी शेती आहे, तोडीच्या वेळी वाट नसली तर ऊस कसा वाळतो ते मी पाहिलंय. म्हणून सगळ्याच पाणंदी बंद करा असं मी म्हणत नाही. ज्या पाणंदीला ऊस काढायला दुसरा रस्ता आहे, तीच निवडावी. आणि जिथे एकच वाट आहे तिथे शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी तास-दीड तास ट्रॅक्टर थांबवावेत. वेळ पाळायची ठरवली तर पाळता येते. कासच्या पठाराचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच आहे. पश्चिम घाटाबरोबर ते २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. फुलांच्या हंगामात तिथे येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा आहे, गाड्या लांब उभ्या कराव्या लागतात. फुलांसाठी गाडी थांबते, मग पोरींसाठी का थांबू नये?

दुसरी शंका आयांची असते आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. गाड्या नाहीत म्हणजे माणसंही नाहीत. कॅनॉलकडेला एकटी मुलगी, वर झाडी, हाक मारली तरी कुणी नाही. शिवाय आवर्तन सुटलं की पाणी काठोकाठ आणि कठडा नाही. ही भीती खोटी नाही, तिची थट्टा करणाऱ्या पुरुषांना मी बैठकीतच गप्प केलेलं आहे. पण निर्जन रस्ता वापराने सुरक्षित होतो. एकटी पोरगी गेली तर धोका, वीस पोरी एका वेळी निघाल्या, पहाटे बायका तिथेच फिरायला गेल्या, दूध घालायला गडीमाणसं त्याच वाटेने गेली, तर ती वाट गावाची होते. शाळेजवळचा आणि वस्तीजवळचा भाग तरी झुडपं काढून नजरेत ठेवावा. पाण्याच्या बाजूला तारेचं नाही तर निदान निरगुडीचं कुंपण लावावं. निरगुडी जनावरं खात नाहीत.

मुरमाचं काम दिसतं तेवढं सोपं नसतं, हेही सांगते. काळ्या रानातून जाणाऱ्या पाणंदीवर नुसता मुरूम पसरला तर पहिल्या पावसात तो चिखलात जातो आणि श्रावणात सायकल खांद्यावर घ्यायची वेळ येते. आधी दोन्हीकडे चर काढावे लागतात, मधला भाग थोडा उंच ठेवावा लागतो, मग मुरूम, मग पाणी मारून रोलर. चर दरवर्षी मृगाआधी साफ करावे लागतात. रोजगार हमीतून हे करता येतं. आणि श्रमदान तर आपल्या भागाला नवीन नाही. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने २०१६ साली पहिला वॉटर कप जिंकला तो घराघरातल्या बायका-पुरुषांनी हातात कुदळ-पाटी घेतली म्हणूनच.

विषय मांडायचा कुठे, असं विचारतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असा कायदाच आहे. पुष्कळ गावांत ती कागदावर होते, सह्या घरी येतात! ती खरोखर भरवायला लावायची, आणि त्यात गाव नकाशा मागवून कुठली पाणंद कुठून कुठे जाते ते स्वतः बोट ठेवून बघायचं. अर्ध्या जागा राखीव असल्यामुळे पंचायतीत आपल्या बायका बसलेल्या आहेतच. अतिक्रमण असेल तर तहसीलदारांकडे अर्ज द्यायचा, कॅनॉलचा काठ असेल तर जलसंपदा खात्याची लेखी परवानगी घ्यायची. परवानगीला वेळ लागतो, म्हणून पाऊस संपायची वाट बघत बसू नये.

वाटेच्या दोन्ही तोंडांना दगडी खांब रोवायचे. अंतर किती ठेवायचं यावर आमच्या एका बैठकीत बराच वाद झाला. मोटारसायकल त्यातून जाणारच, तिला खांब अडवत नाहीत. तिच्यासाठी गावातल्या चार जाणत्या माणसांनी दटावलं पाहिजे. जीप आणि ट्रॅक्टर अडले म्हणजे झालं. शेवटी एका दूधवाल्या मावशी म्हणाल्या, "माझी सायकल आना, दोन्ही बाजूला किटल्या लावा आनि माप घ्या." आता खांब त्याच मापाने रोवायचे ठरलेत.