वय चोरू नका, वजनही नको

यंदा आमच्या घरी नाताळच्या सुट्टीत गुलमर्गला जाण्याचा बेत शिजतो आहे. थोरलीला स्कीइंग शिकायचे आहे, आणि मेहुण्यांनाही, वय वर्षे चौपन्न, तोच उत्साह आला आहे. तेव्हा या सदरात आज शब्दांऐवजी हाडांविषयी लिहितो.

बुटाला स्कीची लांब पट्टी जखडणाऱ्या साधनाला बाइंडिंग म्हणतात. मराठीत 'बंध' म्हटले तर भावगीतात शिरल्यासारखे वाटते. आपण 'पकड' म्हणू. ही पकड जितकी घट्ट तितकी बरी, असे कोणालाही वाटेल. पण तिचे निम्मे काम सुटण्याचे आहे. पडताना पट्टी बर्फात अडकून पिळवटली आणि पकड सुटली नाही, तर तो पीळ नडगीवर येतो. हायलमार ह्वाम या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन स्कीपटूचा पाय १९३७ साली मोडला. सुटणाऱ्या पकडीची कल्पना त्याला इस्पितळातच सुचली, म्हणतात. १९३९ साली त्याने पेटंटही मिळवले.

हल्ली पकडीवर, बोटांशी आणि टाचेशी, लहानशा खिडकीत एक आकडा दिसतो. त्याला 'डिन' म्हणतात. आकडा मोठा तर पकड कडक. दुकानदार तो तक्त्यावरून ठरवतो: वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि घसरण्याची तऱ्हा. तळ लांब असेल तर आकडा उतरतो, कारण तीच स्प्रिंग लांब बुटातून पायाला जास्त पीळ देते. पन्नाशी गाठलेल्यांनाही एक पायरी खाली आणतात.

आणि इथेच आपली हौस आडवी येते! वजन कमी सांगितले तर पकड नको तेव्हा सुटते. वय चोरले, किंवा 'थोडे येते हो' म्हणून नवखेपण झाकले, तर ती हवी तेव्हा सुटत नाही. मेहुणे केसांना कलप लावतात, ती त्यांची खासगी बाब. तिथे पंचेचाळीस सांगायचे नाही, असे मी त्यांना बजावले आहे. शिवाय गुडघ्यातला अस्थिबंध ही पकड फारसा वाचवत नाही, तेव्हा आकडा बरोबर असला तरी उतार बेतानेच निवडावा.

भाड्याच्या पट्टीवर आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा राहिलेला असू शकतो. तो आपल्यासमोर बदलून घ्यावा. स्वतः पेचकस फिरवू नये. आणि दर खेपेस बूट अडकवण्यापूर्वी तळाचा बर्फ खरवडून काढावा. तो थर मध्ये राहिला, तर खिडकीतला आकडा काहीही सांगो, पकड त्याप्रमाणे वागत नाही.