पेपर सोपा होता की अवघड?

दरवर्षी मे महिन्यात एनएफएलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं, वेळापत्रक जाहीर होतं आणि दोन-चार तासांत प्रत्येक टीमच्या नावापुढे एक आकडा येऊन चिकटतो. हा आकडा म्हणजे तुमचं वेळापत्रक किती अवघड आहे त्याचं माप. मग शिकागोत लोक तो आकडा घेऊन सहा महिने भांडतात. ऑफिसमध्ये, ट्रेनमध्ये, गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेतसुद्धा. "यंदा सोपं आहे हो आपल्याला" किंवा "यंदा काही खरं नाही". माझं म्हणणं असं की हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि त्याच्या जोरावर माणसांना जोखणं तर त्याहून वाईट. आता हे नुसतं म्हणून भागणार नाही, हिशेब मांडायला हवा. तो मांडतो.

नातेवाईक मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. (जाणकारांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.) हे फुटबॉल म्हणजे पाय क्वचितच लागणारं फुटबॉल, लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा. टीम्स ३२, पण प्रत्येकीला मॅचेस फक्त १७. आयपीएलमध्ये २०२२ पासून १० टीम्स झाल्यावर काहींशी दोनदा आणि काहींशी एकदाच खेळतात ना, तसंच, पण फारच टोकाचं. इथे एका टीमचे प्रतिस्पर्धी फक्त १४. उरलेल्या १७ टीम्सचं त्या मोसमात तोंडही बघायचं नाही. म्हणजे कुणाच्या वाट्याला कोण येतं याला महत्त्व आहेच, ते मी नाकारत नाही.

कोण येणार हे बरंचसं ठरलेलं असतं. चार-चार टीम्सचे आठ गट आहेत. आपल्या गटातल्या तिघांशी दोन-दोनदा, झाल्या सहा मॅचेस. दुसऱ्या दोन पूर्ण गटांशी एकेकदा, झाल्या आठ. हे गट दरवर्षी पाळीपाळीने बदलतात. उरल्या तीन. त्या मात्र गेल्या वर्षीच्या क्रमांकावर: तुम्ही गटात शेवटचे आलात तर इतर तीन गटांतले शेवटचे तुमच्या वाट्याला, पहिले आलात तर पहिले. ढ मुलांना ढ मुलांबरोबर बसवायचं, असा काहीसा प्रकार, पण फक्त तीन तासांपुरता.

आता तो आकडा. काढायची रीत अगदी सोपी आहे. तुमच्या १७ मॅचेसमधल्या प्रतिस्पर्ध्यांनी गेल्या वर्षी किती मॅचेस जिंकल्या त्यांची बेरीज करायची आणि २८९ ने, म्हणजे १७ गुणिले १७ ने, भागायचं. ०.५०० च्या वर गेलं की अवघड, खाली राहिलं की सोपं.

आमच्या शिकागो बेअर्सचंच बघू. २०२३ मध्ये त्यांनी ७ जिंकल्या, १० हरल्या आणि गटात शेवटचे आले. २०२४ च्या वेळापत्रकाची बेरीज आली १३५, म्हणजे ०.४६७. त्या वर्षीच्या सगळ्यात सोप्या वेळापत्रकांच्या पंगतीत. त्यातच एप्रिलमध्ये केलेब विल्यम्स हा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, टीमचा मेंदू) सगळ्यात पहिल्या क्रमांकाने निवडून आणलेला. मग काय, गावात दिवाळी. सोपा पेपर आणि हुशार विद्यार्थी!

निकाल: ५ विजय, १२ पराभव.

कारण १३५ ही बेरीज होती २०२३ ची. तेच १४ प्रतिस्पर्धी २०२४ मध्ये प्रत्यक्षात कसे खेळले याची बेरीज केली तर ती येते १६०, म्हणजे ०.५५४. आमच्याच गटातले तिघे बघा. डेट्रॉईट १२ वरून १५ विजयांवर गेले, ग्रीन बे ९ वरून ११ वर, आणि मिनेसोटा ७ वरून थेट १४ वर. तिघांचे मिळून २८ चे ४० झाले, आणि त्या तिघांशी आमची गाठ दोन-दोनदा. म्हणजे वाढलेल्या २५ विजयांपैकी २४ आमच्या शेजाऱ्यांचेच!

कुणी म्हणेल, त्यांनी तुम्हालाच हरवलं म्हणून त्यांचे विजय वाढले. रास्त शंका आहे. म्हणून आमच्याविरुद्धच्या मॅचेस वजा करून पुन्हा बेरीज केली. तरी ०.५४ च्या जवळपास येतं. पेपर खरोखरच अवघड निघाला होता. वरचं पाकीट तेवढं गेल्या वर्षीचं होतं.

पुढचं वर्ष तर आणखी मजेचं. ५-१२ मुळे बेअर्स पुन्हा शेवटचे, त्यामुळे २०२५ ला त्या तीन मॅचेस शेवटच्या क्रमांकाच्या टीम्सशी. तरीही बेरीज आली १६५, म्हणजे ०.५७१. याहून मोठा आकडा फक्त न्यूयॉर्क जायंट्सचा. सगळ्यांनी कपाळावर हात मारला. आणि बेअर्सनी ११ जिंकल्या, ६ हरल्या, गटात पहिले आले आणि बाद फेरीत ग्रीन बेला घरी पाठवलं. डेट्रॉईट, मिनेसोटा, ग्रीन बे या तिघांचे ४० विजय त्या वर्षी २७ वर उतरले. आमच्या मॅचेस वजा करून सगळ्या प्रतिस्पर्ध्यांचा हिशेब केला तर येतो ०.४६.

म्हणजे जे वर्ष सोपं ठरवलं होतं ते अवघड निघालं आणि जे अवघड ठरवलं होतं ते सोपं. एखादी टीम वर्षभरात तीच राहत नाही, इतकं साधं कारण आहे. वॉशिंग्टनचे तीन वर्षांचे विजय बघा: ४, १२, ५. सॅन फ्रान्सिस्कोचे: १२, ६, १२. खेळाडू बदलतात, गुडघे मोडतात, कोच बदलतात, आणि १७ मॅचेस म्हणजे अशी कितीशी मोठी संख्या? दोन-तीन चेंडू इकडचे तिकडे झाले की ११-६ चं ८-९ होतं.

त्या आकड्यात आणखी एक गंमत दडलेली आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. २०२५ मध्ये डेट्रॉईटची बेरीजसुद्धा अगदी १६५ च होती. डेट्रॉईट आदल्या वर्षी १५ जिंकून पहिले, आम्ही ५ जिंकून शेवटचे, आणि दोघांचा पेपर सारखाच अवघड! कसं काय? डेट्रॉईटला त्या तीन खास मॅचेस तगड्या मिळाल्या, पण गटात त्यांना दोनदा भेटलो आम्ही, दुबळे. आम्हाला त्या तीन मॅचेस सोप्या मिळाल्या, पण दोनदा भेटलं डेट्रॉईट. स्वतःशी कुणाला खेळावं लागत नाही ना! त्यामुळे चांगल्या टीमचा आकडा आपोआप थोडा खाली राहतो आणि वाईट टीमचा थोडा वर जातो. शेवटी एकाच १६५ वर आम्ही ११ जिंकल्या आणि त्यांनी ९.

शिवाय त्या बेरजेला क्रम कळत नाही. २०२४ मध्ये गटातल्या सहाही मॅचेस शेवटच्या आठ आठवड्यांत ठेवलेल्या होत्या. पहिल्या सहा मॅचेसनंतर बेअर्स ४-२ होते, सगळे खुशीत. मग वॉशिंग्टनमध्ये शेवटच्या क्षणी लांबवर, देवाच्या भरवशावर फेकलेला एक चेंडू (त्याला इथे हेल मेरी म्हणतात) त्यांच्या माणसाच्या हातात पडला, १५-१८ ने हरलो, आणि तिथून ओळीने दहा मॅचेस गेल्या. नोव्हेंबरच्या १७ ते २८ तारखेपर्यंतच्या बारा दिवसांत गटातल्या तीन मॅचेस. ग्रीन बेकडून एका गुणाने हार, शेवटची किक अडवली गेली म्हणून. मिनेसोटाकडून तीन गुणांनी, जादा वेळेत. डेट्रॉईटकडूनही तीनच गुणांनी, आणि तीही शेवटच्या अर्ध्या मिनिटात, टाइमआऊट शिल्लक असताना तो न घेता घड्याळ संपू दिल्यामुळे. तिन्ही मॅचेस मिळून फरक सात गुणांचा. महिन्याभरानंतर आणखी एक शिक्षा: रविवारी डेट्रॉईट आणि चारच दिवसांनी गुरुवारी सिअ‍ॅटल. हे सगळं १३५ मध्ये कुठे दिसतं?

आणि समोरची टीम कोण, याइतकंच ती कधी भेटते यालाही महत्त्व आहे. २०२५ चं वॉशिंग्टन कागदावर ५-१२ दिसतं. पण आम्ही त्यांच्याशी ऑक्टोबरमध्ये खेळलो तेव्हा त्यांचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स मैदानात होता आणि आम्ही शेवटच्या किकवर एका गुणाने सुटलो. सिनसिनाटीशी खेळलो तेव्हा त्यांचा जो बरो जायबंदी होता, तरी ४७-४२ पर्यंत दमवलं त्यांनी. बाल्टिमोरचा लमार जॅक्सन आमच्याविरुद्ध खेळलाच नाही, आणि तरीही बाल्टिमोरने आम्हाला आरामात हरवलं. :)

आता मूळ मुद्दा. हा नुसता आकडेमोडीचा खेळ असता तर मी एवढं लिहिलं नसतं. पण मे महिन्यात गंमत म्हणून काढलेला आकडा डिसेंबरमध्ये सोट्यासारखा वापरला जातो. "एवढं सोपं वेळापत्रक मिळूनसुद्धा!" हे वाक्य २०२४ च्या हिवाळ्यात मी किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. डेट्रॉईटच्या त्या मॅचच्या दुसऱ्याच दिवशी कोच मॅट एबरफ्लूस यांना काढलं. मोसम चालू असताना कोचला काढण्याची बेअर्सच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ. त्या टाइमआऊटचा दोष त्यांचाच, त्याबद्दल वाद नाही. पण २२-२३ वर्षांच्या विल्यम्सला त्या मोसमात ६८ वेळा चेंडूसकट जमिनीवर आपटलं गेलं, आणि त्यालाच लोक विचारत होते की सोप्या पेपरात नापास कसा झालास? पेपर सोपा नव्हताच. २०२५ मध्ये नवे कोच बेन जॉन्सन आले, त्याच्यापुढे उभी राहणारी भिंत नव्याने बांधली गेली, तेव्हा तोच मुलगा गट जिंकून देणारा ठरला. आणि आता तेच लोक म्हणतात, "हॅ, प्रतिस्पर्धीच ढेपाळले होते."

बरं, तसं म्हणायचं तर म्हणा. पण मग दोन्हीकडे एकच काटा वापरा. मागे वळून मोजायचं असेल तर २०२४ ला ०.५४ सुद्धा मोजा आणि त्या पाच विजयांना थोडी माफी द्या. मे महिन्याचा आकडा धरायचा असेल तर २०२५ चे ११ विजय ०.५७१ विरुद्धचे माना. हरलं की मे महिन्याचा आकडा आणि जिंकलं की जानेवारीचा, ही लबाडी आहे. आपल्याकडे बोर्डाच्या निकालानंतर चालते तशीच: शेजारच्या मुलाला मार्क पडले तर पेपर सोपा होता, आपल्याला पडले तर मेहनत.

मग आधी काहीच सांगता येत नाही का? थोडं येतं. मी तीन गोष्टी बघतो. एक, गेल्या वर्षीचे विजय सोडून द्यायचे आणि सट्टेबाजार यंदा कुणाला किती विजय देतोय ते बघायचं. त्या लोकांचे स्वतःचे पैसे गुंतलेले असतात, त्यामुळे कोण जखमी आणि कोणाचा क्वार्टरबॅक नवा हे त्यांनी धरलेलं असतं. चुकतात तेही, पण जुन्या बेरजेपेक्षा कमी. दोन, विश्रांतीचे दिवस आणि प्रवास. ते छापील असतात, त्यात अंदाजाचा प्रश्नच नाही. तीन, गटातल्या मॅचेस कुठे साचल्या आहेत. एवढं पाहून "अवघड दिसतंय" किंवा "बरं दिसतंय" म्हणायचं आणि थांबायचं. तीन दशांश स्थळं लिहिण्याइतकं आपल्याला काही कळलेलं नसतं.

२०२५ ला गटात पहिले आल्यामुळे २०२६ च्या वेळापत्रकात बेअर्सच्या वाट्याला फिलाडेल्फिया आणि सिअ‍ॅटल येतात, शिवाय पाळीने येणाऱ्या गटात न्यू इंग्लंड आहे. सिअ‍ॅटलने फेब्रुवारी २०२६ मध्ये सुपर बोल जिंकला तो न्यू इंग्लंडलाच हरवून. ऐकूनच घाम फुटावा अशी नावं. पण हेच न्यू इंग्लंड २०२४ मध्ये चार मॅचेस जिंकलेली टीम होती, आणि कुणाच्याही बेरजेत ते सोप्यातच मोजलं गेलं होतं.