पाणी आणायला सगळे पुढं, पाणी काढून द्यायला कोणीच नाही!

नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायची वेळ आली की आपल्याकडं मोर्चे, निवेदनं, कोर्ट-कचेरी सगळं होतं. व्हायलाच पाहिजे, हक्काचं पाणी आहे. पण तेच पाणी कालव्यानं रानात आल्यावर पुढं जातं कुठं, हे कोणी विचारतं का?

१९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते जायकवाडीचं उद्घाटन झालं. कालवे आले, ऊस आला. पण माती काळी, भारी, निचरा कमी. वरून उसाला मोकाट पाणी, बाजूनं कालव्याचा पाझर. जमिनीतलं पाणी वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि मीठ वर राहतं. लाभक्षेत्रातली सखल रानं अशीच पांढरी पडली. सातबाऱ्यावर बागायत, प्रत्यक्षात मीठफुटी!

यावर एक स्वस्तातला उपाय आहे, धैंचा. पावसाच्या तोंडावर पेरायचा, दीड महिन्यात फुलोऱ्याला आला की गाडायचा. त्याची मुळं आणि कुजणारा पाला यांतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडनं आपल्या मातीतली चुनखडी विरघळते. त्यातून सुटलेलं कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमला हुसकावून लावतं. अशा रानात हरभरा, मूग टाकून बियाणं वाया घालवण्यापेक्षा कापूस, करडई बरी. त्यांना खार सोसतो.

पण एक गैरसमज काढून टाका. झाड मीठ पिऊन जमीन धुऊन देत नाही. सुटलेलं मीठ पाण्याबरोबर रानाबाहेर जावंच लागतं. चर नसेल, नाला बुजलेला असेल, तर धैंचा काय करणार? म्हणून साहेब लोकांनी बियाण्याची पिशवी देऊन फोटो काढला म्हणजे काम झालं, असं होत नाही.

ज्ञान कमी आहे का? वाल्मी १९८० पासून इथंच, पैठण रोडला. कृषी विद्यापीठ परभणीत. कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकल्या, खराब रानं पुन्हा पिकाखाली आणली. मग आपल्याकडंच घोडं कुठं अडलंय?

मागण्या तीनच. लाभक्षेत्रातल्या खराब जमिनीची गाववार यादी जाहीर करा. धैंचाचं बी मृगाच्या आधी द्या, नंतर नको. आणि सामाईक नाले, चर सरकारी खर्चानं मोकळे करा. एकट्या शेतकऱ्यानं स्वतःचा चर काढून शेजाऱ्याच्या रानात पाणी सोडलं, तर फक्त भांडणं वाढतात.

शेतकरी भावांनो, आपणही मृदा आरोग्य पत्रिका कपाटातून काढा. सामू ८.५ च्या वर असेल तर जमीन चोपण झाल्याची शंका घ्या. क्षारता ४ च्या वर असेल तर ती क्षारपड. दोन्ही आजार वेगळे, औषधही वेगळं. माती तपासल्याशिवाय जिप्समवर पैसे घालू नका. आणि उसाला पाट मोकळा सोडणं आता थांबवा.

तुमच्या गावात असं पांढरं रान असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव टाका. सरकार यादी करील तेव्हा करील, आपली तर सुरू करू.