लिंबू, सोडा आणि दात

सक्करदऱ्याहून एक भगिनी लिहितात : भाचीचे लग्न पंधरा दिवसांवर आले. दात पांढरे व्हावेत म्हणून चार दिवस लिंबू नि खायचा सोडा लावला. आता गार पाणी लागले की कळ येते. पुढे लावू का?

अहो, आजच थांबवा बरं! लिंबाने दात आंबतात ते उगीच नाही. आंबटाने दाताचे वरचे कवच झिजते आणि ते पुन्हा येत नाही. खालचा थर मुळातच पिवळट. म्हणजे जितके घासाल तितके दात पिवळेच दिसणार! कोळसा, राखुंडी, जाडे मीठ यांनीही कवच खरवडलेच जाते. नुसत्या सोड्याने चहाचे डाग थोडे निघतात, दातांचा मूळ रंग बदलत नाही. आणि कळ असताना तोही नको. सासूबाईंची मिश्री तर नकोच नको, ती भाजलेली तंबाखूच!

तुमचे माहेर यवतमाळकडचे. तिथल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. त्याने लहानपणी पडलेले तपकिरी डाग घरच्या कोणत्याच उपायाने जात नाहीत. मेडिकलच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय तुम्हाला जवळच आहे. कळ कशाने येते ते आधी दाखवा, मग कीटण काढून घ्या. लग्नातल्या फोटोंना तेवढे पुरते.