"नावाला एक सही" आणि माझा पगार

गेले सात महिने माझ्या पगारातून दरमहा पाच हजार कापले जातायत. कर्ज माझं नाही. शाळेतल्या एका सहकाऱ्याने पतसंस्थेकडून गाडीसाठी कर्ज काढलं. "सर, नावाला एक सही हवी," म्हणाला. केली. आता गाडी तो फिरवतोय, हप्ते मी भरतोय.

संस्थेत जाऊन विचारलं, आधी त्याची गाडी का ओढून आणत नाही? साहेब म्हणाले, "सर, गाडी शोधावी लागते. तुमचा पगार जागेवर असतो."

कायदा त्यांच्या बाजूने आहे, हे मान्य. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ : जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग जामीनदाराकडे या, अशी अट बँकेवर घालता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्ये बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सांगून ठेवलंय.

पण तेच कलम शेवटपर्यंत वाचा. "करारात वेगळं ठरलं नसेल तर" असंही त्यात आहे. म्हणजे वेगळं ठरवता येतं! शिवाय कलम १३३ म्हणतं, जामीनदाराला न विचारता अटी बदलल्या तर पुढच्या व्यवहारातून तो सुटतो. कलम १४१ म्हणतं, संस्थेने तारण हातचं घालवलं तर तेवढ्या किमतीपुरता तो सुटतो. मग हे हक्क गेले कुठे? माझ्या फॉर्मच्या मागच्या पानावर, बारीक अक्षरांत : "हे सर्व हक्क मी सोडून देत आहे." खाली माझीच सही. वाचायला कुणी दिलं होतं?

कुणी म्हणेल, मग ठेवीदारांचे पैसे बुडवायचे का? अजिबात नाही. पण नऊ हप्ते थकेपर्यंत मला एक पत्र नाही. पहिल्याच हप्त्याला कळवलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन बसलो असतो. ठेवीदाराचाच फायदा झाला असता.

यंदाच्या वार्षिक सभेत मी तीन मागण्या मांडणार आहे. जामीनदाराला कराराची प्रत द्या. पहिला हप्ता चुकला की लेखी कळवा. आधी तारण विका, मग पगाराला हात लावा. संचालक मंडळाला हे फॉर्ममध्ये छापायला कोणताही कायदा आडवा येत नाही.

माझ्यासारखे अडकलेले असाल तर भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती जपून ठेवा. कलम १४५ प्रमाणे ते पैसे कर्जदाराकडून मागता येतात.

पोस्ट शेअर कराच. पण उद्या आपल्या संस्थेत जाऊन सही केलेल्या फॉर्मची झेरॉक्सही मागा. देतात का बघा, आणि खाली कॉमेंटमध्ये सांगा.