लेफ्ट आउट

दुसऱ्याला अक्कल किती आहे हे ठरवण्याचा अधिकार आमच्या सोसायटीत रात्री साडेदहानंतर कुणालाही मिळतो. अट एकच. अंगात कुठल्यातरी इंग्रज क्लबाची जर्सी हवी. कोकणे चौकातून कुणाल आयकॉन रस्त्याला लागलात की अशा जर्सी तुम्हाला दर पन्नास पावलांवर भेटतील. एकेकाळी इथं शेतं होती म्हणतात. आता पिंपळे सौदागरात जे पीक येतं ते हिंजवडीच्या किंवा चाकणच्या बसमधून सकाळी जातं, संध्याकाळी परत येतं, आणि शनिवार-रविवारी फुटबॉलवर बोलतं.

आमच्याकडे माणसं फ्लॅटच्या नंबरानं ओळखली जातात. त्यामुळे गझिबोतल्या बैठकीचे मानकरी म्हणजे बी-४०४ (आयटी, आर्सेनल), सी-७०२ (चाकण, मँचेस्टर युनायटेड, त्यामुळे स्वभावानं दुःखी) आणि ए-१०१. हे निवृत्त प्राध्यापक. ते कुठल्याच क्लबाचे नाहीत, पण मत सगळ्यांवर आहे. मी पडलो बँकेतला कारकून, बी. कॉम., सेकंड क्लास. मला त्या बैठकीत मत नाही, फक्त चहा आहे.

सामना कुठलाही असो, चर्चेचा शेवट ठरलेला. आधी अर्धा तास कोण कसा खेळला. हा पास चुकला, तो पळत नव्हता, त्याला बदलायला हवं होतं. इथवर माझी तक्रार नाही. लोकशाहीत गोलकीपरला शिव्या देण्याचा हक्क असलाच पाहिजे. पण मग बी-४०४ खुर्चीत मागं रेलतात आणि म्हणतात, "प्लेयर म्हणून ठीक आहे हो, पण डोकं नाही." सी-७०२ म्हणतात, "डोकं असतं तर फुटबॉल कशाला खेळला असता?" आणि सगळे अशा समाधानानं हसतात, की जणू त्यांनी स्वतः फुटबॉल न खेळण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतला होता.

या हसण्याविरुद्ध मला लिहायचंय.

पुरावे काय, तर मुलाखती. नव्वद मिनिटं धावून आलेल्या माणसाच्या तोंडापुढं माइक धरायचा आणि विचारायचं, "कसं वाटतंय?" तो धापा टाकत म्हणतो, सगळ्यांनी चांगला खेळ केला, पुढच्या सामन्याकडे लक्ष आहे. झालं! मठ्ठ ठरला. अहो, ३१ मार्चच्या रात्री अकरा वाजता, क्लोजिंग आटोपून मी जिना उतरत असताना कुणी मला विचारलं की आजच्या दिवसाबद्दल काय सांगाल, तर मी काय उपनिषद सांगणार आहे? मीही म्हणेन, सर्वांचं सहकार्य लाभलं. शिवाय या मुलाखतींत इंग्रजी कुणाला किती येतं ह्यावर बी-४०४ गुण देतात. मेसी मुलाखत स्पॅनिशमध्ये देतो म्हणून त्याला बोलता येत नाही, असं त्यांनी एकदा जाहीर केलं. मी फक्त विचारलं, "तुम्हाला स्पॅनिश येतं?" त्यावर त्यांनी माझा चहा संपलाय का ते पाहिलं.

दुसरा पुरावा म्हणजे सुआरेझ. २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये उरुग्वेचा सुआरेझ इटलीच्या किएलिनीच्या खांद्याला चावला, हे सी-७०२ दर महिन्याला एकदा सांगतात. चावला, हे खरं. त्याबद्दल त्याला नऊ आंतरराष्ट्रीय सामन्यांची बंदी झाली, हेही खरं. पण ज्याला चावला तो कोण होता, हे कुणी विचारतच नाही! तो तुरिन विद्यापीठाचा अर्थशास्त्र आणि वाणिज्य शाखेचा पदवीधर. म्हणजे आपल्या शाखेचा! पुढं २०१७ साली त्यानं बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनची मास्टर्सही केली, तीही युव्हेंटससारख्या क्लबात बचावफळी सांभाळता सांभाळता. कॉमर्सवाल्यांना लोक चावतात याचं मला नवल वाटत नाही, मी काउंटरवर बसतो. पण एका फुटबॉलपटूनं तोंड वापरलं म्हणून सगळे बिनडोक, तर दुसऱ्यानं डोकं वापरलं म्हणून सगळे हुशार का नाहीत?

आणि मूर्खपणाचंच म्हणाल तर हिशेब सगळ्यांचा काढू. २००६ च्या अंतिम सामन्यात झिदाननं मातेराझ्झीच्या छातीवर डोकं मारलं आणि लाल कार्ड घेतलं. मान्य. पण १९९२ च्या रोखे घोटाळ्यात ज्यांनी बनावट बँक रिसिटांवर कोट्यवधी रुपये मोकळे केले, त्यांत कुणी सेंटर फॉरवर्ड असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. सगळे सुशिक्षित. त्यांना लाल कार्ड दाखवायला किती वर्षं लागली, ते सोडा.

त्याच २००६ साली बर्लिनमध्ये जर्मनी-अर्जेंटिना सामना पेनल्ट्यांवर गेला. जर्मनीचा गोलकीपर लेहमान याच्या मोज्यात एक चिठ्ठी होती, हॉटेलच्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेली. अर्जेंटिनाचा कोण कुठल्या बाजूला मारतो त्याची. शेवटी कांबियासो आला. त्याचं नाव चिठ्ठीत नव्हतंच. लेहमाननं काय करावं? चिठ्ठी काढली, शांतपणे वाचली, नीट घडी करून परत मोज्यात ठेवली. समोरच्याला वाटलं, याला माझं सगळं माहीत आहे. मारलेला चेंडू लेहमाननं अडवला. पुढं ती चिठ्ठी लिलावात दहा लाख युरोंना गेली. ज्या देशात कॉपीच्या चिठ्ठ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या पदवीधर झाल्या, तिथं तरी या माणसाच्या बुद्धीची कदर व्हायला हवी होती.

ए-१०१ना हे सांगितलं तर म्हणाले, "हे चातुर्य. बुद्धिमत्ता वेगळी." मग मी आणखी नावं काढली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा कप्तान तालिमेरेन आओ. बरेचसे गडी अनवाणी खेळले, दोन पेनल्ट्या वाया गेल्या आणि फ्रान्सकडून १-२ नं हरलो. हा कप्तान तेव्हा कलकत्त्याला डॉक्टरकीचं शिक्षण घेत होता. पुढं डॉक्टर होऊन नागालँडला परतला आणि तिथल्या आरोग्यखात्याचा संचालक झाला. १९८२ चा ब्राझीलचा कप्तान सॉक्रेटिस, तोही डॉक्टर. (सिगारेटी मात्र ओढायचा. डॉक्टर असल्याचा याहून भक्कम पुरावा काय द्यावा?)

ही नावं सांगून मी घरी आलो आणि अंथरुणावर पडल्यावर माझी मलाच लाज वाटली. कारण पदव्यांची यादी देऊन मी त्यांचाच नियम कबूल केला होता. डॉक्टर असेल तर हुशार! मग आय. एम. विजयनचं काय करायचं? त्रिचूरच्या स्टेडियममध्ये सोडा विकणारं पोर. केरळ पोलिसांत गेला, भारताचा कप्तान झाला, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. मागून धावत येणारा माणूस, पुढं सरकलेला गोली, उसळून येणारा चेंडू, हे सगळं पाऊण सेकंदात जुळवून जो पाय फिरवतो त्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं? मला तीन आकडी बेरीज करायला कॅल्क्युलेटर लागतो. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी हे तपासलंय. २०१२ साली त्यांनी फुटबॉलपटूंच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. मैदानावरच्या नव्हे, टेबलावर बसून करायच्या. झटकन पर्याय शोधणं, नियम लक्षात ठेवून वाट बदलणं, अशा. खेळाडू सामान्य माणसांपेक्षा सरस ठरले, आणि वरच्या श्रेणीतले खालच्या श्रेणीतल्यांपेक्षा.

माझ्या सासुरवाडीला हे स्टॉकहोमला न जाता माहीत आहे. सासरे शिवाजी पेठेतले. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांची मॅच असली की ते जेवण लवकर उरकतात. तिथंही खेळाडूंचा उद्धार होतो, आणि तो इथं छापता येणार नाही. पण एकदाही कुणी पोराचं शिक्षण काढलेलं मी ऐकलं नाही. पास चुकला की अख्खी गॅलरी ओरडते, "डोकं लाव की रं!" याचा अर्थ नीट बघा. डोकं आहे हे गृहीत आहे. फक्त ते लावलेलं नाही, अशी तक्रार आहे. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला, त्यात आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. आपण तिन्ही सामने हरलो. सासरे एवढंच म्हणाले, "पावणं, पोरगं रिकाम्या जागंत पळतंय. दिसतंय त्याला."

दिसतंय त्याला. आता मला आमच्या लेफ्ट आउटबद्दल सांगायलाच हवं.

पूर्वी बँका खेळाडूंना नोकऱ्या देत. स्टेट बँक ऑफ त्रावणकोरचा संघ तर राष्ट्रीय लीगमध्ये खेळायचा. २०१७ साली ती बँकच स्टेट बँकेत विलीन झाली. आमच्या बँकेतही (नाव सांगत नाही, पेन्शन जवळ नसली तरी पगार चालू आहे) एकेकाळी संघ होता. त्यात डाव्या बगलेला, म्हणजे लेफ्ट आउटला खेळणारा एक जण आमच्या शाखेत आहे. संघ बंद झाला आणि लेफ्ट आउट टपालाच्या टेबलावर बसला. 'स्पोर्ट्स कोटा' हा शब्द आमच्याकडे 'बिचारा' याच्या जागी वापरतात. कॅश त्याला द्यायची नाही, लोनची फाइल द्यायची नाही, पासबुक छापायला हरकत नाही. कुणाच्या तरी निरोपसमारंभात मी विनोदी भाषण केलं होतं. त्यात म्हणालो, "आमचा लेफ्ट आउट हजेरीपटावर डाव्या पायानं सही करतो." हशा पिकला. तोही हसला. सगळ्यांत शेवटी हसला आणि सगळ्यांत आधी थांबला.

मग आला २०१६ चा नोव्हेंबर. ८ तारखेला रात्री नोटा गेल्या, १० तारखेला सकाळी सातलाच शाखेबाहेर रांग. रांग कसली, स्क्रम. आम्ही सगळे पदवीधर काउंटरमागं थिजून उभे. लेफ्ट आउट दारात उभा राहून दोन मिनिटं नुसता बघत राहिला. मग मॅनेजरना म्हणाला, "साहेब, सगळे उजवीकडे गोळा झालेत. डावी बाजू मोकळी आहे." डावीकडे लॉकररूमचं शटर होतं, वर्षानुवर्षं बंद. ते उघडून म्हाताऱ्यांना तिकडून घेतलं, भरणा करणारे वेगळे काढले, फॉर्म रांगेतच वाटले. अकरा वाजेपर्यंत शाखेत श्वास घेता येऊ लागला. तिसऱ्या दिवसापासून तो हळूच येऊन सांगायला लागला, "निळा शर्ट दुसऱ्यांदा आलाय." बोटाला शाई लावायचं सरकारनं नंतर ठरवलं. त्याआधी आमच्याकडे लेफ्ट आउट होता. मी विचारलं, एवढे चेहरे लक्षात कसे राहतात? म्हणाला, "चेहरे नाही राहत. चाल राहते. अंगावर येणाऱ्याचं तोंड कोण बघतं?"

शाखेला अभिनंदनाचं पत्र आलं. ते मॅनेजरांच्या केबिनमध्ये फ्रेम करून लावलं. टपालात ते पाकीट फोडलं होतं लेफ्ट आउटनंच.

हे आत्ताच का लिहितोय, तर माझी मुलगी नववीत आहे आणि फुटबॉल खेळते. गेल्या महिन्यात गझिबोत तिचा विषय निघाला. जे लोक रात्री दीड वाजता उठून चँपियन्स लीग बघतात, ज्यांच्या पोरांच्या खोलीत गादीपासून पडद्यापर्यंत फुटबॉल आहे, तेच म्हणाले, "आता बास करा. दहावीपर्यंत ठेवा फार तर, क्रीडा सवलतीच्या गुणांपुरती." बी-४०४नी स्वतःच्या मुलाला आठवीतच काढलं. सी-७०२नी सातवीत. त्या मुलांच्या अंगात जर्सी तेवढ्या राहिल्या. मी बंड वगैरे केलं नाही. मी बी-४०४कडूनच फाउंडेशन क्लासचा फॉर्म आणला. क्लासची चाचणी रविवारी सकाळी, आणि तिची प्रॅक्टिसही रविवारी सकाळी. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही तिला एकदा तरी खेळताना बघितलंय का?" कोल्हापूरची आहे, प्रश्न बरोबर गोलमध्ये मारते.

बघितलं नव्हतं. आणि बघून मला कळलंही नसतं. म्हणून परवा रविवारी लेफ्ट आउटला बोलावलं. टर्फच्या जाळीला बोटं अडकवून तो वीस मिनिटं एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "बॉल यायच्या आधी दोनदा मान वळवून बघते. कुणी शिकवलं?"

"कुणी नाही."

"ते शिकवता येतं, पण फार वेळ लागतो." थोड्या वेळानं माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "क्लासची चाचणी संध्याकाळी नाही का घेत कुणी?"

तेवढ्यात पलीकडून, दूध घेऊन चाललेले बी-४०४ जाळीशी येऊन ओरडले, "अगं, डोकं वापर, डोकं!"

लेफ्ट आउटनं विचारलं, "हे कोण?"

"आमच्या सोसायटीतले. आर्सेनल."

"कुठल्या पोझिशनला?"

"गझिबोत."

"अवघड पोझिशन," तो म्हणाला. "बॉल कधी येतच नाही तिथं."