गाडीतळावरचा दुसरा काटा



कारखान्यात काटा म्हटले की आपल्याला एकच काटा आठवतो, वजनाचा. त्यात दहा-वीस किलोचा फरक वाटला तरी आपण शेतकी ऑफिसात येऊन जाब विचारतो, आणि विचारलाच पाहिजे. पण ऊस ज्या ट्रकमधून येतो त्या ट्रकच्या डॅशबोर्डवर आणखी एक काटा असतो, डिझेलचा. आपल्याकडच्या जुन्या ट्रकांत तो बहुधा मेलेला असतो आणि त्याबद्दल कोणी ब्र काढत नाही. "काठी घालून बघतो की साहेब, काट्याचं काय नडलंय?" हे उत्तर मी वर्षानुवर्षे ऐकतो आहे. या उत्तराशी माझे भांडण आहे.

एका हंगामात गाडीतळावर घडलेली गोष्ट सांगतो. एका वाहतूकदाराने दुपारी टाकी फुल केली. रात्री गाडी ऊस भरून तळावर नंबरात उभी असताना मालक आला, चावी फिरवली, तर काटा तळाला. "दुपारचं डिझेल कुठं गेलं रे?" चारचौघांत ड्रायव्हरवर चोरीचा आळ आला. ड्रायव्हर म्हणाला, "अण्णा, काठी घालून बघा, मग बोला." कोणी बघितले नाही. मीही तिथे होतो आणि मालकाच्या बोलण्याला मान डोलावली. ड्रायव्हरने चावी बॉनेटवर ठेवली आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत दुपार झाली. तो पंपावर गेला, नळी घातली आणि दोन मिनिटांत डिझेल झाकणातून बाहेर सांडले. टाकी भरलेलीच होती!

मिस्त्रीने टाकीवरचे युनिट काढले आणि फ्लोट कानाशी हलवला. आत डिझेल डुचमळत होते. बारीक भोक पडून फ्लोट भरला आणि बुडाला. काटा खोटे बोलला, आणि चोर ठरला माणूस. तो ड्रायव्हर त्या हंगामात परत आला नाही. ज्या सभासदाचा ऊस त्या गाडीत होता तो दिवसभर उन्हात वाळला, ते वेगळेच.

आता हा काटा चालतो कसा ते थोडक्यात बघू. टाकीत एक पोकळ फ्लोट दांडीला जोडलेला असतो. डिझेलबरोबर तो वरखाली होतो तशी दांडीची टाच रोधाच्या तारेवरून सरकते. त्यामुळे विजेचा रोध कमीजास्त होतो आणि त्याप्रमाणे डॅशबोर्डवरचा काटा हलतो. म्हणजे जागा चारच: टाकीतले युनिट, वायर, मीटर आणि अर्थ. बिघाड या चारांपैकी कुठेतरी असणार. तो शोधायला मोठ्या गॅरेजची गरज नाही.

पहिली गोष्ट. पाण्याच्या उष्णतेचा काटाही बंद असेल तर टाकीला हात लावू नका. फ्यूज आणि चावीकडून मीटरला येणारी वीज तपासा. काही गाड्यांत या मीटरांना सारखा दाब देणारा स्टॅबिलायझर असतो, तोही बघा.

एकटा डिझेलचाच काटा बंद असेल तर टाकीवरच्या युनिटची वायर काढा आणि चावी चालू करा. वायरचे टोक चेसीच्या स्वच्छ, रंग खरवडलेल्या जागी टेकवा आणि क्लीनरला काट्याकडे बघायला सांगा. जुने काटे सावकाश हलतात, तेव्हा काही सेकंद धीर धरा, पण वायर टेकवून ठेवून गप्पा मारत बसू नका. काटा एका टोकाकडे निघाला आणि वायर उचलताच परतला, तर मीटर आणि वायर ठीक आहेत. काही गाड्यांत तो भरलेल्या बाजूला जातो, काहींत रिकाम्या. त्याने फरक पडत नाही, हलतो हे महत्त्वाचे. काटा जागचा हललाच नाही तर वायर तुटली आहे किंवा मीटर गेले आहे. हे करताना विडी-सिगारेट लांब ठेवा.

वायर ठीक निघाली तर युनिट काढण्याआधी अर्थ तपासा. युनिटच्या चकतीपासून चेसीपर्यंत एक जादा वायर जोडून बघा. काटा जागेवर आला तर दोष फक्त गंजाचा. पॉलिश पेपर मारा, काम झाले. माझ्या पाहण्यात तरी असा फुकटचा बिघाड पुष्कळदा निघाला आहे. नाहीच जमले तर युनिट बाहेर काढा, वायर आणि अर्थ जोडून दांडी हाताने सावकाश वरखाली करा. काटा मध्येच उडी मारत असेल तर रोधाची तार झिजली आहे. फ्लोट हलवून आवाज ऐका. डिझेल भरलेल्या फ्लोटला डाग द्यायला जाऊ नका, जिवावर बेतेल. नवा घाला. नवे युनिट टाकीच्या उंचीला आणि आपल्या मीटरला जुळणारेच घ्या, नाहीतर नवा काटाही खोटेच बोलेल.

काठीला माझा विरोध नाही. काठी खरे बोलते, पण फक्त विचारले तर. रात्री रस्त्यावर, भरल्या गाडीत ती कोण विचारतो? डिझेल संपले की लाइनमध्ये हवा शिरते. मग फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढत बसा. टाकीच्या तळची घाण फिल्टरमध्ये येते, आणि डिझेलवरच ज्याचे वंगण चालते तो पंप कोरडा फिरतो. वर ती गाडी अंधारात रस्त्याच्या कडेला उभी, मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचा काळ म्हणून. तोडलेला ऊस थांबला की वजन घटते आणि उताराही घटतो. एफआरपी उताऱ्याशी बांधलेली आहे, म्हणजे एकाच्या गाडीचा खोळंबा थोडाथोडा सगळ्यांच्या बिलात उतरतो.

म्हणून माझे मत असे की, हंगामापूर्वी वाहनांची तपासणी होते तेव्हा ब्रेक, दिवे आणि रिफ्लेक्टरबरोबर डिझेलचा काटाही बघावा. वायर टेकवून बघायला पाच मिनिटे लागत नाहीत. वाहतूकदार सभासदांनी मोळी पडण्याआधी हे काम उरकावे.

आणि दुसरे, जास्त महत्त्वाचे. काठी घातल्याशिवाय कोणाही ड्रायव्हरला चोर म्हणू नये. त्या रात्री मी मान डोलावली, ती चूक माझी होती. ती तुमच्याकडून होऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

— ऊस विकास अधिकारी